सोलापूरहून उन्हाळ्यात लेहला: बॅग कशी भरायची आणि कोणत्या क्रमाने

लेहला निघालेल्या सोलापूरकराची बॅग बहुतेक वेळा मोबाइलवरच्या हवामानाच्या आकड्याकडे बघून भरली जाते आणि तिथंच फसते. जुलैत लेहचं दिवसाचं तापमान साधारण २५ अंश दाखवतं. ते बघून घरातला एक पक्ष म्हणतो, "त्रेचाळीस-चव्वेचाळीसमध्ये राहणारी माणसं आपण, पंचवीसला काय होतंय?" टोपी, क्रीम, गॉगल घरीच राहतात. दुसरा पक्ष रात्रीचे १० अंश बघून हबकतो आणि कपाटातलं दिसेल ते जाड कापड कोंबतो. दोघांचीही बॅग चुकते, कारण तो आकडा सावलीतल्या हवेचा असतो. लेहमध्ये माणसाला त्रास होतो तो उंचीचा, थेट उन्हाचा आणि कोरडेपणाचा.

हा लेख मे अखेर ते सप्टेंबर या काळात विमानाने जाणाऱ्यांसाठी आहे. श्रीनगर-कारगिल रस्त्याने जाणाऱ्यांच्या शरीराला वाटेत सवय व्हायला वेळ मिळतो, पण सामानाचं गणित जवळपास हेच राहतं.

## आधी हे आकडे डोक्यात ठेवा

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर आहे, लेह ३,५०० मीटरवर. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी मिळतो. पँगाँग सरोवर ४,२०० मीटरच्या वर आणि खारदुंग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे.

दर १,००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात. खिंडीत बर्फ असेल तर तो यातली ८० टक्क्यांपर्यंत किरणं परत तोंडावर फेकतो.

वर्षभराचा पाऊस १०० मिलिमीटरच्या आसपास. आपण ज्याला दुष्काळी जिल्हा म्हणतो त्या सोलापुरात याच्या निदान पाचपट पडतो. हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही, अंगावरच वाळून जातो. घाम नाही म्हणून तहान नाही, तहान नाही म्हणून पाणी नाही, आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागतं.

## १. तीन आठवडे आधी: बॅग उघडण्यापूर्वीची कामं

डॉक्टर. रक्तदाब, हृदयविकार, दमा, मधुमेह, गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर तिकीट काढण्याआधी भेटा. बाकीच्यांनीही डायमॉक्सबद्दल, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळीबद्दल, विचारून घ्यावं. साधारणपणे १२५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, उंचीवर पोचायच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. या गोळीने लघवी जास्त होते आणि बोटांना मुंग्या येतात. हे आधी ठाऊक नसलं की माणूस नेमकं लेहमध्ये घाबरतो. शेजारच्यांनी मागच्या वर्षी आणलेल्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

सिमकार्ड. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. कुटुंबातल्या निदान दोघांकडे ते असावं, आणि शक्यतो दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं. नुब्रा खोरं आणि पँगाँगच्या बाजूला एक गप्प बसली की दुसरी कामाला येते.

बूट. आत्ता घ्या. घोट्यापर्यंत येणारे, तळ खरखरीत असलेले, जाड मोजा घातल्यावरही अंगठ्यापुढे थोडी जागा राहील असे. रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जात असाल तर तेच बूट घालून जा. नवे कोरे बूट बॅगेत भरून तिथं पहिल्यांदा घालणं म्हणजे टाचेला फोड ठरलेला.

गरम कपडे. मेमध्ये सोलापुरात थर्मल शोधायला निघालात तर दुकानदार तुमच्याकडे टकामका बघेल. स्वेटरवाले आपल्याकडे बसतात ते थंडीत, आणि उन्हाळ्यात माळ्यावरचा माल कुणी खाली काढत नाही. ऑनलाइन मागवायचं तर मापाची अदलाबदल गृहीत धरून आत्ताच मागवा. जाड जाकीट विकतच घ्यायला हवं असं नाही, लेहच्या बाजारात ते भाड्याने मिळतं. अंगाला चिकटून बसणारे कपडे मात्र स्वतःचेच असावेत.

> तपासा: घरातल्या प्रत्येकाच्या आधारकार्डाच्या तीन-चार झेरॉक्स काढल्या का? लेहबाहेरच्या भागात जाताना शुल्क आणि परवान्याच्या कागदांसोबत त्या लागतात. मोबाइलमधला फोटो नेटवर्क नसतानाही उघडेल असा साठवून ठेवा.

## २. सामान तीन भागांत वाटा

इथंच बहुतेकांचा क्रम चुकतो. कपड्यात कपडे, खाण्यात खाणं, औषधांत औषधं, अशी बॅग लागते. दिसायला छान. पण लेहला उतरल्यावर पहिले ४८ तास वाकायचं नाही, उचलायचं नाही, धावपळ करायची नाही, आणि नेमकं त्याच वेळी मोजे मोठ्या बॅगेच्या तळाशी आणि डोकेदुखीची गोळी तिसऱ्याच्या बॅगेत असते. बॅगेवर ओणवं होऊन दहा मिनिटं उचकापाचक केली तरी तिथं धाप लागते.

म्हणून वस्तूंचे प्रकार बाजूला ठेवा आणि लागण्याच्या दिवसाप्रमाणे वाटणी करा.

अठ्ठेचाळीस तासांची पिशवी. प्रत्येकाची वेगळी. एक थर्मल जोडी, लोकरी मोजे, कानटोपी, रात्रीचे सैल कपडे, आतले कपडे दोन जोड्या, दात घासायचं सामान, स्वतःची औषधं, ओठांचं मलम, पाण्याची बाटली. खोलीत पोचल्यावर फक्त ही उघडायची. मोठी बॅग दोन दिवस बंद राहिली तरी काही अडता कामा नये.

पाठीवरची सॅक. विमानात हातात जाणारी. कागदपत्रं, पैसे, पॉवरबँक, चष्मे, जाकीट, औषधांचा मुख्य डबा. लेहमध्ये पुढे हीच रोजची भटकंतीची सॅक होते.

मोठी बॅग. बाकी सगळं. देशांतर्गत विमानात साधारणपणे चेक-इनसाठी १५ किलो आणि हातात ७ किलो चालतं. तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा, पण घरच्या काट्यावर मोठी बॅग १२-१३ किलोच्या वर जाऊ देऊ नका.

वाटणीसाठी जुन्या उशांचे अभ्रे वापरा. प्रत्येकाचा रंग वेगळा ठेवला की "माझे मोजे कुठायत?" हा प्रश्नच उरत नाही. शिवाय लेहमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, तिथं कॅरीबॅगांचा गठ्ठा घेऊन जाण्यात अर्थ नाही.

> तपासा: मोठी बॅग उचलून एक जिना न थांबता चढा. इथंच दम लागला तर अजून दोन किलो काढा. लेहच्या गेस्टहाउसांत लिफ्ट बहुधा नसते.

## ३. कपडे: एक जाड नको, पातळ चार हवेत

लेहमध्ये रस्त्याच्या उन्हातल्या बाजूला शर्टावर फिरणारा माणूस सावलीच्या बाजूला गेला की जाकीट शोधतो. दिवसातून पाचसहा वेळा हे घालणं-काढणं चालतं. एकच भलंमोठं जाकीट नेलं तर उन्हात ते नकोसं होतं आणि काढलं की खाली फक्त बनियन.

आतून बाहेर असे थर लावा. सगळ्यात आत पातळ थर्मल. त्यावर पूर्ण बाहीचा सुती किंवा मिश्र कापडाचा शर्ट. त्यावर फ्लीसचा किंवा लोकरीचा मध्यम स्वेटर. सगळ्यात बाहेर वारा अडवणारं पातळ जाकीट, टोपी जोडलेलं. पावसालाही तेच चालेल. लेह पर्जन्यछायेत असलं तरी ऑगस्ट २०१० मध्ये तिथं ढगफुटीने हाहाकार उडाला होता, तेव्हा "तिकडं पाऊस नसतोच" यावर विसंबू नका. पँगाँगला मुक्काम असेल तरच पाचवा जाड थर, आणि तो भाड्याने.

आठ दिवसांसाठी एका माणसाला दोन थर्मल जोड्या, चार शर्ट, दोन पँट, एक स्वेटर, एक जाकीट, तीन सुती आणि दोन लोकरी मोजे, एक कानटोपी, एक रुंद काठाची टोपी, पातळ हातमोजे इतकं पुरतं. कपडे मळत नाहीत आणि धुतलेले झटक्यात वाळतात. जीन्स एकच न्या, तीही अंगावर. ती जड असते, वारा अडवत नाही आणि गाडीत आठ तास बसायला वाईट.

अर्ध्या बाह्या आणि हाफ पँट हा सोलापूरच्या उन्हाळ्याचा पोशाख. तिथं तो चालत नाही. त्या उन्हात उघडं अंग झाकायचंच असतं. मठांत जातानाही खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि बूट काढून आत जायचं असल्याने पायांत चांगले, न फाटलेले मोजे हवेत. ठिकसे मठाच्या फरशीवर सकाळी अनवाणी उभं राहून बघा म्हणजे कळेल.

साडी नेसणाऱ्या आई-मावशींसाठी. यांचा विचार कुणीच करत नाही. "मला नाही लागत थंडी" असं म्हणून त्या निघतात आणि तिसऱ्या दिवशी घरातल्या पुरुषाचा स्वेटर ब्लाऊजवर चढवून बसतात. परकराच्या आत थर्मलची लेगिंग, ब्लाऊजऐवजी पूर्ण बाहीचं थर्मल किंवा गळाबंद टी-शर्ट, गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे. साडी सिंथेटिक किंवा मिश्र धाग्याची, सुळसुळीत नको. बूट वेलक्रोचे घ्या, कारण वाकून नाड्या बांधतानाच दम लागतो. लोकरी मोज्यांवर चपला घालून खिंडीत उतरू नये. पंजाबी ड्रेस चालत असेल तर प्रश्नच मिटला, पण त्यावरून घरात वाद घालण्यात अर्थ नाही. आतले थर नीट असले की साडीतही निभावतं.

चादरीचं काय करायचं? हा सोलापूरचा खास प्रश्न. घडी घातलेली चादर बघितली की ती बॅगेत घालावीशी वाटतेच. डबल चादर दीड किलोच्या आसपास भरते आणि बॅगेचा पाव भाग खाते. लेहच्या हॉटेलांत आणि पँगाँगच्या तंबूंतही जाड रजया असतात. स्लीपर डब्याने दिल्ली गाठणार असाल तर एक सिंगल चादर न्या, वाटेत उपयोगी पडेल. टर्किश टॉवेलही घरीच ठेवा. पातळ पंचा न्या, तासाभरात वाळतो.

## ४. उन्हाचं सामान

सोलापुरात आपण उन्हाला टाळतो: दुपारी पंख्याखाली, बाहेर पडलं तर तोंडाला स्कार्फ. लेहमध्ये हवा गार लागते म्हणून कुणी टाळत नाही, तासन्‌तास उघड्यावर फिरतं, आणि रात्री नाकाचं साल निघतं. सावळ्या कातडीला ऊन लागत नाही हा समजही तिथं टिकत नाही.

सनस्क्रीन एसपीएफ ५० चं, माणशी निदान ५० ग्रॅम. चारजणांत एकच छोटी ट्यूब नेणं ही नेहमीची कंजुशी. तोंड आणि मानेसाठी एका वेळी दोन बोटांच्या लांबीइतकं घ्यायचं आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. कान, मानेची मागची बाजू, हनुवटीची आणि नाकाची खालची बाजू विसरू नका. वाळू आणि बर्फ खालून किरणं फेकतात.

गॉगल अतिनील किरणं अडवणारा, यूव्ही ४०० लिहिलेला. फुटपाथवरचा नुसताच काळा गॉगल उलट वाईट, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि किरणं जास्त आत जातात. लहान मुलांचाही गॉगल घ्या. नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी उन्हात रंग बदलणारी काच किंवा वरून बसणारा गॉगल बघावा. कॉन्टॅक्ट लेन्स तिथल्या कोरड्या हवेत डोळ्यांत खुपतात, तेव्हा चष्मा सोबत हवाच.

ओठांचं मलम प्रत्येकाचं वेगळं आणि खिशात. बॅगेतलं मलम ओठ फुटल्यावरच आठवतं. नाकपुड्यांना आतून व्हॅसलीनचं बोट फिरवा, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी शिंकरल्यावर रक्ताचा ठिपका दिसतो.

स्कार्फ मात्र तुमचा नेहमीचाच न्या. ऊन, धूळ आणि वारा, तिन्हींना तो पुरा पडतो.

## ५. औषधांचा डबा

रोजची औषधं मुक्कामाच्या दिवसांपेक्षा चार दिवसांची जास्त घ्या. यामागे कारण आहे. विरळ हवेत विमानाला उड्डाणासाठी ताकद कमी मिळते, आणि हवा तापली की ती आणखी विरळ होते. जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात लेहचं तापमान ३५ अंशांच्या वर गेल्यामुळे तिथली विमानं रद्द करावी लागली होती. म्हणजे उन्हाळ्यातही माणूस तिथं अडकतो, आणि बर्फाने नाही तर उष्णतेने. रक्तदाबाची नेमकी ती गोळी शोधत लेहचा बाजार पालथा घालायची वेळ येऊ नये.

डब्यात ठेवा: डॉक्टरांनी दिली असेल तर डायमॉक्स, पॅरासिटामॉल, उलटीची गोळी, जुलाबाची गोळी, ओआरएसची पाकिटं माणशी चार-पाच, बँडेड, फोडांसाठी चिकटपट्टी, नाकातले सलाइनचे थेंब. दम्याचा पंप असेल तर दोन. मधुमेहींनी इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवावं. दिल्लीच्या उकाड्यात ते तापू नये आणि पँगाँगच्या रात्री गोठू नये, म्हणून तिथं ते अंथरुणात जवळ घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर न्यायला हरकत नाही, पण त्याच्याशी भांडू नका. इथं ९७-९८ दाखवणारं यंत्र तिथं पहिल्या दिवशी नव्वदीच्या आसपास किंवा खाली जातं. एकट्या आकड्यावरून घाबरायचं नाही, लक्षणं बघायची. डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणं ही सुरुवात. तेवढ्यावर थांबायचं आणि वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागणं, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ होणं यांपैकी काही दिसलं तर वाट बघू नका. लेहच्या सरकारी सोनम नुर्बू रुग्णालयात जा, आणि लेहच्याही वर असाल तर आधी खाली उतरा.

> सावधान: झोपेची गोळी डब्यात नको. पहिले दोन दिवस दारूही नको. दोन्हींनी श्वास मंदावतो.

कापूर आणि ऑक्सिजनचे डबे. कापराची पुडी हुंगून ऑक्सिजन वाढत नाही. शिवाय कापूर ज्वलनशील आहे, विमानात तो नेऊ नये. ऑक्सिजनचे फवाऱ्याचे डबेही विमानात चालत नाहीत. हवाच असेल तर लेहमध्ये मिळतो, पण त्यातला वायू काही मिनिटांत संपतो. त्याच्या भरवशावर आजारी माणसाला वरच्या खिंडीत नेणं धोक्याचं आहे.

## ६. खाण्याचा डबा

उंचीवर भूक मंदावते. घरून दहा किलो फराळ नेणाऱ्यांचा आठ किलो परत येतो. थोडं न्या, पण नेमकं न्या.

आपली कडक भाकरी या प्रवासाला उत्तम. हलकी, कोरडी, दिवसेंदिवस टिकणारी, पोटाला सोपी. उभी ठेवली की तुटते, म्हणून तिच्या मापाच्या गोल डब्यात आडवी रचा, दर चार-पाच भाकऱ्यांमध्ये कागदाची घडी घाला आणि वर उरलेल्या जागेत पंचा दाबून बसवा म्हणजे डबा हलला तरी भाकरी हलत नाही. चुरा झालाच तर दह्यात कालवून खा.

शेंगा चटणीला कुटताना स्वतःचं तेल सुटतं आणि ते पिशवीतून हमखास बाहेर येतं. फ्लीसच्या जाकिटावरचा हा लालसर डाग काही केल्या निघत नाही. चटणी फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, बरणी अभ्र्यात, आणि हा अभ्रा कपड्यांपासून लांब. तिखटाच्या वस्तू आणि लोणचं विमानात हातातल्या बॅगेत अडवतात, म्हणून चटणी चेक-इनमध्ये. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कुठल्याच बॅगेत ठेवू नका. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं.

फरसाण आणि चिवड्याची हवाबंद पाकिटं लेहला पोचेपर्यंत उशीसारखी टम्म फुगतात आणि कधी फुटतात. घरीच फोडून डब्यात भरा.

गरम पाणी ओतून खायचे उपमा-पोहे नेणार असाल तर एक लक्षात ठेवा. लेहमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. पाकिटावर पाच मिनिटं लिहिली असतील तर झाकून दहा मिनिटं ठेवा, नाहीतर रवा कचकच लागतो.

पाण्यासाठी एक लिटरची पुन्हा भरता येणारी बाटली माणशी एक. स्टीलची थर्मास एखादी असली की पुरे. सगळ्यांच्या जड थर्मास नेऊ नका.

## ७. बाटल्या, बॅटऱ्या आणि विमानाचे नियम

केसांचं तेल, शाम्पू, क्रीम यांच्या बाटल्या काठोकाठ भरू नका. इथला दाब आत कोंडलेला असतो, लेहमध्ये झाकण उघडलं की तेल पिचकारीसारखं येतं. बाटली पाऊण भरा, दाबून आतली हवा काढा, मग झाकण लावा. झाकणावर चिकटपट्टी आणि बाटली स्वतंत्र पिशवीत. पहिल्यांदा उघडताना तोंड बेसिनकडे.

पॉवरबँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये अजिबात नाही. २०,००० एमएएचपर्यंत अडचण येत नाही, पण त्यावरचे आकडे पुसलेले असतील तर सुरक्षा तपासणीत वाद होतो. काडेपेटी, लायटर घरी. कात्री आणि नेलकटर मोठ्या बॅगेत.

रोख रक्कम जरा जास्त ठेवा. लेह शहरात एटीएम आहेत, पण पलीकडे नेटवर्क गेलं की फोनवरचे पैसे फोनमध्येच राहतात.

## ८. प्रत्यक्ष भरण्याचा क्रम

आदल्या रात्री नको, दोन दिवस आधी भरा.

1. सगळं सामान पलंगावर मांडा आणि प्रत्येक वस्तूसमोर दिवस सांगा: पहिला, तिसरा, पँगाँगचा. ज्या वस्तूला दिवस सापडत नाही ती कपाटात परत.
2. मोठ्या बॅगेत सगळ्यात खाली पँगाँग-नुब्राचा अभ्रा: जादा थर, दुसरी थर्मल जोडी.
3. त्यावर मधल्या दिवसांचे कपडे. घडी घालण्यापेक्षा गुंडाळ्या करा. बूट पायातच जाणार, घालणार नसाल तर कडेला, त्यांत मोजे भरून.
4. खाण्याचा डबा मधोमध, चटणीची बरणी उभी.
5. सगळ्यात वर अठ्ठेचाळीस तासांच्या पिशव्या. औषधं मात्र त्यांतून काढून प्रवासापुरती सॅकमध्ये.
6. सॅकमध्ये जाकीट सगळ्यात वर.

> तपासा: मोठी बॅग दिल्लीतच राहिली आणि एक दिवस उशिरा आली असं समजा. अंगावरचे कपडे आणि सॅक एवढ्यावर लेहची एक रात्र निघेल का? निघत नसेल तर एक थर्मल जोडी आणि कानटोपी सॅकमध्ये हलवा.

## ९. निघायचा दिवस

कर्नाटक एक्स्प्रेसने थेट दिल्ली गाठा किंवा पुणे-मुंबईहून उडा, वाटेत जूनची दिल्ली बहुधा लागतेच. म्हणजे एका दिवसात चाळीसच्या वरचा उकाडा आणि लेहची गार पहाट. लेहची विमानं सकाळी लवकर असतात. अंगावर सुती शर्ट, लांब पँट, बूट. थर्मल दिल्लीत घालू नका, घामाने ओलं होईल आणि लेहला उतरल्यावर पाठीला गार चिकटेल. विमान खाली उतरायला लागलं की जाकीट काढून मांडीवर घ्या.

खोलीत पोचलात की बॅग उघडायचा मोह आवरा. अठ्ठेचाळीस तासांची पिशवी घ्या, पाणी प्या, आडवे व्हा. गरम पाण्याची जोरदार अंघोळ आणि बाजाराचा फेरफटका दुसऱ्या दिवशी. "आम्हाला काहीच होत नाहीये" असं पहिल्या दुपारी सगळेच म्हणतात. त्रास साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो.

## १०. रोजची सॅक

तिसऱ्या दिवसापासून बाहेर पडताना: जाकीट, स्कार्फ, टोपी, सनस्क्रीन, दीड-दोन लिटर पाणी, ओआरएस, थोडी भाकरी-गूळ, टिश्यू, हातरुमाल, कागदांच्या प्रती. वाटेतली बरीच स्वच्छतागृहं कोरडी, मातीची असतात, पाणी असेलच असं नाही. सॅनिटरी पॅड घरूनच न्या. पँगाँगच्या मुक्कामी फोन आणि पॉवरबँक रजईत घेऊन झोपा, थंडीत बॅटरी भराभर उतरते.

> सावधान: नुब्रातलं हुंडर लेहपेक्षा कमी उंचीवर आहे. दुपारी तिथली वाळू तापते म्हणून मुलं जाकीट गाडीत टाकून पळतात. वाटेतल्या खारदुंग लावर मात्र ते हाताशीच हवं, डिकीत नको.

## ११. परतीची बॅग

लेहचे सुके जर्दाळू घ्याल ते हातातल्या बॅगेत चालतात. जर्दाळूचं तेल आणि जॅम चेक-इनमध्ये, आणि या वेळी उलटा दाब: तिथं घट्ट बंद केलेली प्लास्टिकची बाटली खाली आल्यावर चेपते, तडकलीच तर तेल गळतं. म्हणून ती फराळाच्या रिकाम्या झालेल्या डब्यात ठेवा.

लेहच्या विमानतळावर तपासण्या जास्त असतात. उड्डाणाच्या अडीच-तीन तास आधी पोचा. एक सुती शर्ट सॅकमध्ये वर ठेवा आणि दिल्लीत उतरल्यावर बदला. औषधांचा डबा परतीतही हातातच. विमान रद्द झालं तर मोठी बॅग परत मिळेपर्यंत तोच उपयोगी पडतो.